बुटीबोरीच्या काट्यावर अ‍ॅक्टरचे मेसेज ठरवताना

अ‍ॅक्टर (आपली माहिती स्वतःजवळ ठेवणारे आणि एकमेकांशी फक्त मेसेजने बोलणारे प्रोग्रामचे तुकडे) वापरून लिहिलेली एखादी जुनी प्रणाली हातात आलीय, तिच्यातले मेसेज म्हणजे नुसते हॅशमॅप (नाव आणि त्याखालची किंमत अशा जोड्या) आणि स्ट्रिंग (साधा मजकूर), आणि आता हे सगळं नीट टाइप्ड, म्हणजे प्रत्येक मेसेजचा प्रकार आधीच पक्का ठरलेला, करून द्यायचंय, अशा अवस्थेत जे कोणी असतील त्यांच्यासाठी हे लिहितेय. एका अ‍ॅक्टरने 'हॅलो' म्हणायचं आणि दुसऱ्याने 'हॅलो' म्हणून उत्तर द्यायचं, अशी उदाहरणं नेटवर पोत्याने आहेत. परवानग्या, थांबणं, फॉर्म आणि खर्च यांच्यासकट कोणी लिहिलेलं मात्र मला तेव्हा सापडलं नव्हतं.

आमची कंपनी लहान. ऑफिस नागपुरात, गायत्री नगरच्या आयटी पार्कजवळ. क्लायंट मालवाहतुकीतली मोठी कंपनी. यार्ड बुटीबोरी एमआयडीसीत आणि आयटी विभाग मुंबईला. यार्डात गाडी गेटवर येते, रिकामी वजनकाट्यावर चढते, माल भरून पुन्हा काट्यावर चढते, पावती निघते, गाडी बाहेर पडते. हे सगळं सांभाळणारी प्रणाली २०१७ साली दुसऱ्या कोणीतरी जावा भाषेत, अक्का या अ‍ॅक्टर-लायब्ररीच्या २.५ आवृत्तीवर लिहिलेली. मूळ रचना वाईट नव्हती. प्रत्येक काट्याला एक अ‍ॅक्टर, गाडीच्या प्रत्येक फेरीला एक, पावतीच्या प्रिंटरला एक, बिलिंगला एक. अ‍ॅक्टरची आतली स्थिती बाहेरच्या कोणी हात लावून बदलू शकत नाही. मेसेज पाठवायचा, तो मेलबॉक्समध्ये जाऊन पडतो आणि अ‍ॅक्टर एका वेळी एकच उचलतो. त्यामुळे दोन काटे, चार गेट आणि रांगेतल्या गाड्या एकाच वेळी चालल्या तरी लॉकची (एकाने वापरताना दुसऱ्याला अडवून ठेवण्याची) भानगड नाही.

भानगड मेसेजमध्येच होती. जुन्या पद्धतीच्या अक्कात अ‍ॅक्टरला कोणताही ऑब्जेक्ट पाठवता येतो, कंपायलर (कोड चालवण्याआधी तपासून घेणारा प्रोग्राम) चकार शब्द काढत नाही. इथे प्रत्येक मेसेज म्हणजे एक हॅशमॅप. 'वजन' या कीखाली काट्याच्या बाजूने किलो जायचे आणि बिलिंगच्या बाजूने क्विंटल अपेक्षित होते. मध्ये कुठेतरी शंभराने भागणारी एक ओळ होती, तिच्यावर सगळा डोलारा उभा. २०२४ च्या दिवाळीआधी तेव्हाच्या देखभाल करणाऱ्यांनी एका कीचं नाव बदललं. पाठवणाऱ्याने नवं नाव वापरलं, घेणाऱ्याला जुनंच माहीत. पावत्या निघेनात, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत, आणि लॉगमध्ये एकही एरर नाही.

ही लॉगची गोष्ट जरा समजून घेण्यासारखी आहे. मेसेज मेलेल्या अ‍ॅक्टरकडे गेला तर तो डेड लेटरमध्ये पडतो, आणि त्याची निदान इन्फो (नेहमीच्या) पातळीवर नोंद दिसते. पण अ‍ॅक्टर जिवंत आहे, मेसेज त्याच्यापर्यंत पोचलाय, फक्त त्याला त्याचं काय करायचं ते कळत नाही, अशा वेळी तो 'अनहँडल्ड' म्हणून सोडला जातो. त्याची नोंद हवी असेल तर डीबग (अगदी बारीक नोंदींची) पातळी आणि त्यासाठीची वेगळी सेटिंग, दोन्ही चालू लागतात. प्रॉडक्शनवर डीबग कोण चालू ठेवतं?

काम आमच्याकडे डिसेंबरात आलं. हिवाळी अधिवेशनामुळे शहरात जागोजागी बंदोबस्त होता, म्हणून पहिली बैठक व्हिडिओवरच झाली. रीतसर सुरुवात ६ जानेवारी २०२५, सोमवार.

जानेवारी जवळजवळ पूर्ण लायसन्समध्ये गेला. अक्का आधी अपाची २.० या फुकट, खुल्या लायसन्सखाली होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की २.७ पासून पुढच्या आवृत्त्या बिझनेस सोर्स लायसन्सखाली येतील: वार्षिक उलाढाल अडीच कोटी डॉलरच्या आत असेल तर प्रॉडक्शनमध्ये फुकट, त्यावर असेल तर पैसे. आमची उलाढाल त्या आकड्याच्या जवळपासही फिरकत नाही. पण प्रणाली चालवणार क्लायंट, आणि त्यांचं तसं नाही. उलाढाल नेमकी कोणाची धरायची, हे विचारायला त्यांच्या लीगल विभागाला मेल टाकला. स्मरणपत्रं धरून जवळपास तीन आठवड्यांनी उत्तर आलं ते एका ओळीचं: पर्याय सुचवावा.

पर्याय होता पेक्को. अक्काच्या २.६ वरून निघालेली, अपाची फाउंडेशन या ओपन सोर्स संस्थेकडची शाखा. लायसन्स अपाची २.०, पहिली १.० आवृत्ती जुलै २०२३ मध्ये आली आणि २०२४ मध्ये तो फाउंडेशनचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प झाला. टाइप्ड अ‍ॅक्टर २.६ मध्येच पक्के झाले होते, त्यामुळे तेही सगळं त्यात आहे. तांत्रिक बाजूने हा निर्णय अर्ध्या तासाचा होता. कागदावर यायला जानेवारी संपला. मुंबईच्या एका साहेबांनी बैठकीत विचारलं, "हे अ‍ॅक्टर वगैरे नवीन फॅड तर नाही ना?" कार्ल ह्युइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मूळ निबंध १९७३ चा आहे आणि एरिक्सनमध्ये १९८६ पासून एरलँग ही प्रोग्रामिंग भाषा अशाच विचाराने घडत गेली, टेलिफोन एक्सचेंजसाठी, असं सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं. जुनं असणं अशा बैठकांत फार उपयोगी पडतं.

एक काम पहिल्या आठवड्यातच करून ठेवा: वापरणार त्या सगळ्या ओपन सोर्स लायब्ररींचा तक्ता. नाव, आवृत्ती, लायसन्स, कशासाठी. आमच्याकडे तो लीगलने मागितला, सिक्युरिटीने मागितला आणि खरेदी विभागानेही मागितला. प्रत्येकाला तो आपल्याच एक्सेल नमुन्यात हवा होता.

फेब्रुवारीत मी आणि माझा एक सहकारी यार्डवर जाऊन बसू लागलो. खापरीपर्यंत मेट्रो, तिथून पुढे क्लायंटची गाडी किंवा मिळेल ते. काट्याची केबिन म्हणजे आठ बाय दहाची खोली: एक खिडकी, वजनाचा आकडा दाखवणारा एक इंडिकेटर, एक संगणक, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि गेली वीस-एक वर्षं काटे चालवणारे एक काका. कोड उघडायच्या आधी इथे बसणं हा या सगळ्या प्रकल्पातला सर्वांत फायद्याचा भाग ठरला, असं मी आता खात्रीने म्हणते. मेसेजचे टाइप ठरवणं म्हणजे कोण कोणाला काय म्हणू शकतो आणि त्यावर कोणकोणती उत्तरं येऊ शकतात, हे ठरवणं. ते काकांना पाठ होतं. आमच्यापैकी कोणालाच नव्हतं.

मी विचारलं, "काका, बटण दाबल्यावर लगेच वजन का नाही घेत तुम्ही?"

"मॅडम, गाडी हलून राहिली ना अजून. ड्रायव्हरनं इंजन बंद नाही केलं. आकडा नाचून राहिला, कोणता घेऊ त्यातला?"

थोड्या वेळाने एक बारा चाकी गाडी चढली. इंडिकेटरवर आकडा अगदी स्थिर. काकांनी तरी वजन घेतलं नाही, खिडकीतून ओरडले, "पुढे घे बे, मागचं चाक खाली आहे!" मागचा एक्सल काट्याच्या प्लॅटफॉर्मच्या बाहेर होता. आकडा स्थिर होता आणि चूक होता. जुन्या प्रणालीत यासाठी काहीही नव्हतं. काका फक्त बटण दाबायचे नाहीत, एवढाच तो बंदोबस्त. आमच्या तक्त्यात त्या दिवशी एक नवीन उत्तर आलं: 'ऑपरेटरने नाकारलं', आणि सोबत कारण. यंत्राला जे कळू शकत नाही त्याच्यासाठीही मेसेज लागतो, हे कुठल्याही डॉक्युमेंटेशनमधून आम्हाला सुचलं नसतं.

पद्धत अशी ठेवली होती. सीताबर्डीहून चार्ट पेपर आणले, प्रत्येक अ‍ॅक्टरला एक. कागदाचे तीन भाग: बाहेरून त्याला काय सांगता येतं, तो स्वतःशीच काय बोलतो, आणि तो काय उत्तर देऊ शकतो. काट्याच्या कागदावर बाहेरून येणारे होते 'रिकामं वजन घ्या', 'भरलेलं वजन घ्या', 'नाकारा' आणि 'मोजणी सोडा'. आतले: 'इंडिकेटरकडून आकडा आला', 'आकडे यायचे थांबले', 'वेळ संपली'. उत्तरं: 'स्थिर वजन मिळालं', 'गाडी हलतेय', 'काटा दुसऱ्या गाडीत गुंतलाय', 'इंडिकेटरशी संपर्क नाही', 'क्षमतेबाहेर', आणि काकांचं 'नाकारलं'. उत्तरांचा रकाना सगळ्यात लांब झाला. प्रत्येक अ‍ॅक्टरच्या बाबतीत तसंच झालं. तुमच्या कागदावर उत्तरांचा रकाना आखूड राहिला असेल तर कोणाला तरी विचारायचं राहिलंय असं समजा.

दोन गोष्टींवर वाद झाले. पहिला: रिकामं आणि भरलेलं वजन हे दोन मेसेज ठेवायचे, की एकच मेसेज आणि आत एक खरं-खोटं फ्लॅग? सहकाऱ्याचं म्हणणं, काट्याला काय फरक पडतो, तो आकडाच देणार. बरोबरच होतं. पण फेरीला फरक पडतो: रिकाम्या वजनाआधी भरलेलं मागणं हा प्रकारच घडू नये. शेवटी दोन ठेवले, आणि लॉग वाचताना त्याचा रोज फायदा होतो. दुसरा वाद: 'गाडी हलतेय' हे एक्सेप्शन (कोडचा ओघ तोडणारी चूक) की उत्तर? माझं मत ठाम होतं. दिवसातून पन्नासदा घडणारी गोष्ट अपवाद कशी असेल? ते साधं उत्तर आहे आणि इतर उत्तरांच्या रांगेतच बसतं.

मार्चमध्ये हे कोडमध्ये उतरवलं. जावा २१ मिळवायला क्लायंटची वेगळी मंजुरी लागली, पण ती तुलनेने लवकर आली. आवृत्तीचा आग्रह उगाच नव्हता. रेकॉर्ड (न बदलणारी, नुसती माहिती धरणारी वस्तू) जावा १६ मध्ये पक्के झाले, सील्ड इंटरफेस (ज्याचे उपप्रकार आधीच ठरलेले असतात असा प्रकार) १७ मध्ये, आणि स्विचमध्ये टाइप ओळखून फांद्या पाडण्याची सोय २१ मध्ये. तिन्ही मिळून मेसेजसाठी हवं ते देतात. काट्याच्या सगळ्या आज्ञांचा एक सील्ड इंटरफेस आणि प्रत्येक आज्ञा म्हणजे एक रेकॉर्ड. त्या इंटरफेसच्या बाहेरचं काही काट्याच्या अ‍ॅक्टरला पाठवायला गेलं की कोड कंपाइलच होत नाही. उत्तरांचा सील्ड इंटरफेस वेगळा. आतले मेसेज प्रायव्हेट ठेवले, म्हणजे 'इंडिकेटरकडून आकडा आला' असं गेटचा अ‍ॅक्टर चुकूनही म्हणू शकत नाही.

इथे एक खड्डा आहे, तो सांगते. सील्ड इंटरफेस केला म्हणजे प्रत्येक मेसेज हाताळला जाईलच, असं वाटतं. पेक्कोच्या जावा पद्धतीत बहुतेक उदाहरणं बिल्डरने (कोणत्या मेसेजला काय करायचं याची साखळी) लिहिलेली असतात: या मेसेजला हे, त्या मेसेजला ते. एखादा मेसेज राहून गेला तर तो बिल्डर गप्प बसतो. कंपायलरला तिथे काही दिसत नाही, आणि आपण परत त्या 'अनहँडल्ड'पाशी. आम्ही बिल्डरमध्ये फक्त 'कोणताही मेसेज' ही एकच फांदी ठेवली आणि तिच्या आत सील्ड टाइपवर स्विच लिहिला, डीफॉल्ट फांदी न देता. आता कोणी नवा मेसेज जोडला आणि हाताळला नाही तर बिल्ड तुटतो. डीफॉल्ट लिहायचा मोह होतो, आयडीई (कोड लिहायचं साधन) तर स्वतःहून सुचवते. लिहू नका. स्काला ही भाषा वापरणाऱ्यांना ही कसरत कमी करावी लागते.

पुढचा अडथळा उत्तरांचा. फेरीचा अ‍ॅक्टर काट्याला विचारतो आणि काटा स्वतःच्या उत्तर-टाइपमध्ये बोलतो. पण फेरीला कळतात फक्त फेरीचे मेसेज. मग काट्याचं उत्तर फेरीच्या भाषेत गुंडाळावं लागतं. त्यासाठी मेसेज अ‍ॅडॉप्टर असतो. स्काला ३ मध्ये युनियन टाइप ('हा किंवा तो' असा प्रकार) आहेत, तिथे हे थोडक्यात भागतं. जावात गुंडाळण्याशिवाय गत्यंतर नाही. अ‍ॅडॉप्टर वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एका क्लाससाठी एकच अ‍ॅडॉप्टर राहतो, त्याच क्लाससाठी दुसरा नोंदवला की पहिला गेला. म्हणून आम्ही प्रत्येक उत्तराला वेगळा न करता उत्तरांच्या मूळ इंटरफेससाठी एकच नोंदवला आणि तोही अ‍ॅक्टर सुरू होतानाच. दुसरं म्हणजे अ‍ॅडॉप्टरच्या आत एक्सेप्शन उडालं तर अख्खा अ‍ॅक्टर थांबतो. तेव्हा आत गुंडाळण्यापलीकडे काही करू नका, हिशेब तर मुळीच नको.

कोणाला उत्तर द्यायचं तो पत्ता मेसेजच्या आतच जातो. जुन्या अक्कात 'पाठवणारा' आपोआप मिळायचा. टाइप्डमध्ये ती सोय नाही आणि ते बरंच आहे. 'रिकामं वजन घ्या' या रेकॉर्डमध्ये फेरी क्रमांक, विनंती क्रमांक आणि उत्तराचा पत्ता अशी तीन फील्ड आहेत. त्या पत्त्याचा टाइपच सांगतो की इथे काट्याची उत्तरंच येतील.

विनंती क्रमांकावर मात्र आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. अ‍ॅक्टरमध्ये मेसेज पोचण्याची हमी 'जास्तीत जास्त एकदा' एवढीच असते. पोचेल किंवा पोचणार नाही; दोनदा मात्र पोचणार नाही. एका पाठवणाऱ्याकडून एका घेणाऱ्याकडे जाणाऱ्या मेसेजचा क्रम राखला जातो, पण तिघांत मिळून क्रमाची हमी नाही. आता समजा फेरीने वजन मागितलं आणि ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही. विनंतीच पोचली नाही, की वजन घेऊन झालं आणि उत्तर वाटेत हरवलं? फेरीला हे कळायला मार्ग नाही. तिने पुन्हा विचारलं तर काट्याने पुन्हा मोजायचं का? मधल्या काळात गाडी उतरून दुसरी चढली असेल तर? एका गाडीची पावती दुसऱ्या गाडीच्या वजनावर निघणं म्हणजे यार्डात मारामारीच.

म्हणून नियम केला: त्याच विनंती क्रमांकाने दुसऱ्यांदा विचारलं की काटा नव्याने मोजत नाही, आधी दिलेलं उत्तरच परत देतो. फेरी तिला हवं तितक्यांदा बिनधास्त विचारू शकते. प्रिंटरलाही तसंच. पावती क्रमांक फेरी ठरवते, प्रिंटर नाही, त्यामुळे 'पावती छापा' दोनदा गेलं तरी दोन क्रमांक जळत नाहीत. कागद अडकल्यावर मुद्दाम पुन्हा छापायचं असेल तर त्यासाठी 'दुय्यम प्रत छापा' हा वेगळाच मेसेज आहे, कारण क्लायंटच्या अकाउंट्सला त्या प्रतीवर तसा शिक्का हवा असतो. हा मेसेज त्यांच्या परिपत्रकात सापडला. ती परिपत्रकं कंटाळवाणी असतात, पण वाचा.

बारीकसारीक, पण करायलाच हवं असं काही: वजनासाठी नुसता पूर्णांक न वापरता 'किलो' असा स्वतःचा टाइप केला. क्विंटल हवे असतील तिथे बदलून घ्यावे लागतात आणि ते कोडमध्ये डोळ्यांना दिसतं. रक्कम रुपयांत नाही, पैशांत, पूर्णांकात. मेसेजमध्ये यादी जाणार असेल तर तिची न बदलणारी नक्कल करून घ्या. रेकॉर्ड स्वतः बदलत नसला तरी त्याच्या आतली अ‍ॅरेलिस्ट बदलू शकते, आणि दोन अ‍ॅक्टरनी एकच यादी हातात धरली की अ‍ॅक्टर वापरण्याचा मुद्दाच संपला.

एप्रिल नेटवर्कचा. गेटवरचा संगणक आणि मुख्य सर्व्हर ही दोन यंत्रं, म्हणून मेसेज तारेवरून जाणार. अक्का २.६ पासून जावाचं स्वतःचं सीरियलायझेशन (मेसेज तारेवरून पाठवण्याजोगा करणं) मुळात बंद केलेलं असतं आणि पेक्कोतही तसंच आहे. ते परत चालू करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आम्ही त्यासाठी जॅक्सन ही लायब्ररी घेतली. सील्ड इंटरफेससाठी प्रत्येक उपप्रकाराला एक नाव द्यावं लागतं. ते क्लासचं नाव न ठेवता स्वतंत्र ठेवलं, म्हणजे उद्या क्लास दुसऱ्या पॅकेजात गेला तरी ते नाव तेच राहील. नवीन फील्ड वाढवायचं तर ते ऐच्छिक असावं. जुन्याचं नाव बदलायचं नाही. दिवाळीचा प्रकार नावावरूनच झाला होता, हे मुंबईच्या लोकांना इथे पुन्हा सांगितलं तेव्हा हा नियम करारात घ्यायला त्यांची लगेच तयारी झाली.

पोर्टचा किस्सा वेगळाच. अक्काचं मूळ पोर्ट (यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याचा ठरलेला क्रमांक) २५५२०, ते फायरवॉलमध्ये आधीपासून उघडं. पेक्कोचं १७३५५. कॉन्फिगमध्ये जुनाच आकडा टाकून भागलं असतं, पण दोन्ही प्रणाली काही काळ शेजारी-शेजारी चाचणीला ठेवायच्या होत्या, म्हणून नवं पोर्ट मागितलं. फॉर्ममध्ये 'कोणता प्रोटोकॉल' या रकान्यात टीसीपी लिहिलं तर परत आला, 'व्यावसायिक कारण' मोघम म्हणून परत आला, मग सही करणारे साहेब रजेवर. महिना त्यातच गेला. तोपर्यंत आम्ही चाचण्या लिहून घेतल्या. पेक्कोच्या टेस्टकिटमध्ये खोटा अ‍ॅक्टर उभा करून त्याला नेमकं काय मिळालं ते तपासता येतं, आणि प्रत्येक मेसेज सीरियलाइज होऊन तसाच परत येतो का, हेही. ही दुसरी चाचणी प्रत्येक रेकॉर्डसाठी लिहा. पोर्ट उघडल्यावर सुख लागतं.

खर्चाचं विचारणारे बरेच असतात, म्हणून: चाचणीचा सर्व्हर महिन्याला साधारण चार हजार. इंडिकेटरला लॅपटॉप जोडायला यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर साडेसहाशे. अगदी स्वस्तातला घेऊ नका, मधेच अक्षरं गिळतो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या संस्थेकडून सुरक्षा तपासणी करून घेणं बंधनकारक होतं, त्याचे पाऊण लाखाच्या वर गेले, ते क्लायंटने भरले. हे कोणी भरायचे ते कोटेशनमध्येच लिहून घ्या.

मे महिन्यात एक अनपेक्षित कागद आला. काट्याची वैधमापनशास्त्र विभागाकडून दरवर्षी पडताळणी आणि मुद्रांकन होतं, इंडिकेटरला सील असतं. ते तोंडावर आलेलं, त्यामुळे यार्डच्या व्यवस्थापकांना धाकधूक की आमच्या सॉफ्टवेअरमुळे काही अडायला नको. आमचा प्रोग्राम इंडिकेटरकडून आकडे फक्त वाचतो, त्याला काहीही लिहित नाही, असं हमीपत्र त्यांनी मागितलं, स्टॅम्प पेपरवर. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा चालत नाही, पाचशेचाच घ्यावा लागला. वर नोटरीचे वेगळे. इथे चार्ट पेपर कामी आला. इंडिकेटरकडे जाणारा एकही मेसेज काट्याच्या यादीत नाही, हे त्यांना कोड न उघडता दाखवता आलं. तो तक्ताच हमीपत्राला जोडला.

प्रत्यक्ष बदल ३१ मेच्या शनिवारी रात्री. जुनं आणि नवं एकाच क्लस्टरमध्ये (एकत्र चालणाऱ्या यंत्रांच्या गटात) मिसळण्याच्या फंदात पडलो नाही. यार्ड रात्री अकराला बंद, सगळं खाली, सगळं नवं वर. उन्हाळ्याचे दिवस, केबिनमधला कूलर नुसता गरम हवा फेकत होता. पोटात गोळा होताच. पहाटे पहिली गाडी चढली. 'गाडी हलतेय', 'गाडी हलतेय', मग 'स्थिर वजन मिळालं', आणि प्रिंटर करकरला. काकांनी पावती उन्हाकडे धरून नीट वाचली आणि म्हणाले, "बरोबर आहे." दुसऱ्या गाडीला एका जुन्या बारकोड रीडरने दगा दिला, पण त्याचा मेसेजशी संबंध नव्हता. सकाळी आठपर्यंत रांग नेहमीसारखी झाली आणि आम्ही तर्री पोहे खाऊन घरी.

त्यानंतर जुलैत क्लायंटच्या अकाउंट्सकडून नवीन मागणी आली: 'वजन दुरुस्त करा' असा मेसेज हवा, म्हणजे चुकीची नोंद ऑफिसातून सुधारता येईल. जुन्या प्रणालीत हॅशमॅपमध्ये आकडा बदलून पाठवला की झालं, आणि तसं अधूनमधून होतही असे म्हणे. आम्ही नाही म्हटलं. काट्याने दिलेलं वजन बदलू शकेल असा एकही मेसेज आत्ताच्या यादीत नाही, आणि तो आम्ही घालणार नाही, असं मेलमध्ये स्पष्ट लिहिलं. त्यावर बरीच पत्रापत्री झाली, एकदा मुंबईहून फोनही आला. शेवटी 'फेरी रद्द करा' हा मेसेज मंजूर झाला: कारण लिहिणं सक्तीचं, रद्द करणाऱ्याचं नाव सोबत, जुनी पावती नोंदीत तशीच राहणार आणि गाडी पुन्हा काट्यावर चढणार. त्याचा फॉर्म ऑगस्टमध्ये सही होऊन आला.